विजयदुर्ग : आधी तिथी बघा, मग किल्ला

विजयदुर्गला जाणाऱ्यांनी कॅलेंडरात सुट्टीचा लाल आकडा शोधण्याआधी त्याखाली बारीक अक्षरात छापलेली तिथी वाचावी. हा किल्ला भरतीला एक दिसतो आणि ओहोटीला दुसराच. दोन्ही बघितल्याशिवाय तो चाळीस वर्षं कुणाला का जिंकता आला नाही आणि मग एका दिवसात कसा गेला, हे डोक्यात शिरत नाही. बहुतेक पर्यटक दुपारी बारा ते दोन या वेळात येतात, दरवाजात फोटो काढतात, एका बुरुजावर घाम पुसतात आणि मासे खाऊन मालवणच्या रस्त्याला लागतात. त्यांनी किल्ला बघितला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हिशेब सोपा आहे, कोकणात शेंबड्या पोराला येतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा. पूर्ण भरती सहाला, पूर्ण ओहोटी बाराला. चतुर्दशीला भरती साडेदहाला आणि ओहोटी साडेचारला. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीसाठी तेवढं पुरे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप. सप्तमी-अष्टमीला भांग, तेव्हा समुद्र आळसावलेला असतो आणि दोन्हीतला फरक नीट कळत नाही. म्हणून शुद्ध त्रयोदशी ते पौर्णिमा किंवा अमावास्येच्या अलीकडचे दोन-तीन दिवस धरा. सकाळी भरती आणि उन्हं कलताना ओहोटी, असा डाव आपोआप जमून येतो.

आम्ही चतुर्दशी गाठली होती, थंडीतली. बायको, मेहुणा, त्याची दहावीतली मुलगी आणि मी. आदल्या संध्याकाळी गावात पोचलो. मुंबई-गोवा महामार्गावर तळेऱ्याला वळायचं, तिथून पन्नासेक किलोमीटर. पडेल कॅन्टीन नावाचा नाका लागला की किल्ला जवळ आला असं समजायचं. कोल्हापूरकडून येणाऱ्यांना करूळ घाट, वैभववाडी, तळेरे हा रस्ता सोयीचा, पण घाट चालू आहे ना हे निघण्याआधी विचारून घ्या. रेल्वेने यायचं तर वैभववाडी किंवा कणकवलीला उतरून एसटी. विजयदुर्गला एसटीचं स्वतःचं आगार आहे, त्यामुळे मुक्कामाच्या गाड्या आहेत. त्यांची वेळापत्रकं मात्र गावकऱ्यांच्या सोयीची, आपल्या नव्हेत. पेट्रोल महामार्गावरच भरा आणि खिशात रोख ठेवा. राहायला घरगुती सोय मिळते. आदल्या दिवशी फोन करून जेवणाचं सांगितलं नाही तर ताटात काय पडेल हे त्या दिवशीच्या जाळ्यावर अवलंबून.

सकाळी साडेनऊला किल्ल्यात शिरलो. दरवाजा लांबून दिसतच नाही. आधी जिभी, म्हणजे दरवाजापुढे उभी केलेली आडोशाची तटबंदी, मग मारुतीचं देऊळ, मग वळण आणि मग एकदम अंगावर येणारा महादरवाजा. शत्रूला हत्ती किंवा ओंडका घेऊन धावत यायला जागाच ठेवलेली नाही. आज ज्या रस्त्याने गाडी जवळजवळ दारापर्यंत येते, तिथे पूर्वी खंदक होता आणि त्यात समुद्राचं पाणी खेळत असे. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वाघोटनची खाडी, जमिनीच्या बाजूला तो खंदक. म्हणजे हा मुळात पाण्यातलाच किल्ला. जमिनीला तो आता चिकटलाय.

बांधकामाचं श्रेय शिलाहार राजा दुसऱ्या भोजाला देतात, म्हणजे बाराव्या शतकाची अखेर किंवा तेराव्याची सुरुवात. पुढे बहमनी, मग आदिलशाही. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला आणि वाढवला. आज दिसणारा तिहेरी तट, सत्तावीस बुरूज आणि सुमारे १७ एकरांचा पसारा यातलं बरंचसं मराठ्यांच्या काळातलं. तेव्हा ‘आठशे वर्षांची तटबंदी’ असं कुणी हात लावून सांगू लागलं तर मान डोलवा आणि पुढे चला. शिलाहारांचा नेमका दगड कुठला, हे ओळखू येईल असं मला तरी काही दिसलं नाही.

तटात दोन प्रकारचा दगड आहे, काळा आणि जांभा. खाऱ्या वाऱ्याने जांभ्याची चाळण झाली आहे. गेल्या काही वर्षांत पावसाळ्यात समुद्राकडच्या तटाचे भाग ढासळले, ते तसे उघडे पडलेले दिसतात. पाया लाटांनी आतून पोखरला जातो आणि वर पिंपळ-वडाची मुळं दगड फाकवतात. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, शिवाय जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यात हाही आहे. मान मिळाला याचा आनंदच आहे, पण झाडं त्याआधी उपटायला हवी होती, असं माझं मत. तटाच्या कडेला जाऊन सेल्फी काढणाऱ्यांनी आपण ज्या दगडावर उभे आहोत त्याच्या खाली काय उरलंय याचा थोडा विचार करावा.

आत सदर, दारूकोठार, भवानीचं देऊळ, चुन्याची घाणी, पाण्याचे साठे, एक भुयार आणि इंग्रजी अमदानीतलं विश्रामगृह. गवत माजलेलं असतं, त्यामुळे बूट घालूनच या. भुयारात विजेरीशिवाय डोकावू नका. भुयार थेट गावातल्या धुळपांच्या, म्हणजे मराठा आरमारातल्या सरदारांच्या, वाड्यात निघतं, असं ऐकायला मिळतं. आम्हाला ते चार पावलांवर बंद दिसलं.

एका ठिकाणी थोडं रेंगाळावं लागतं, ते म्हणजे ‘साहेबाचे ओटे’. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात इथून निरीक्षण करताना लॉकियर या शास्त्रज्ञाने हेलियमचा शोध लावला, असं सर्रास सांगितलं जातं आणि १८ ऑगस्टला इथे हेलियम दिनही साजरा होतो. भाची विज्ञानाची, तिने तिथेच मोबाईल काढला. ग्रहणाचा पट्टा इथून गेला होता हे खरं. त्या दिवशी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट बघणारा फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन मात्र आंध्रातल्या गुंटूरला होता. लॉकियर त्या वेळी हिंदुस्थानात नव्हताच. त्याने इंग्लंडमध्ये बसून, ग्रहण नसताना, २० ऑक्टोबर १८६८ला तशाच ज्वाळा दुर्बिणीतून टिपल्या आणि पुढे त्या वर्णपटातली पिवळी रेषा कुठल्याच माहीत मूलद्रव्याची नाही असं मांडलं. हेलियम पृथ्वीवर हाती लागायला १८९५ उजाडलं. “मग काका, इथे काहीच झालं नाही?” भाचीचा चेहरा पडला. ग्रहण तर झालं ना! भर सकाळी या तटावर अंधार पडला असेल, तेवढं मला पुरतं. गावाने दिवस जरूर साजरा करावा, फक्त पोरांना खरं काय ते सांगून.

साडेदहाच्या सुमाराला आम्ही खाडीच्या बाजूच्या तटावर होतो. पूर्ण भरती. पाणी तटाच्या पायाशी आलेलं, खाडीचं तोंड रुंद आणि साळसूद. पलीकडे रत्नागिरी जिल्ह्याचा किनारा. या वेळी बघणाऱ्याला वाटतं, इथून कुठलंही जहाज खुशाल आत येईल. धक्क्यावर जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या तांडेलाला मेहुण्याने विचारलं, “आजोबा, होडीतून एक फेरी माराल का किल्ल्याभोवती?” त्यांनी वर न बघताच सांगितलं, “किल्लो बघूचो आसा तर सुकती झाल्यार येवा. आता काय दिसतला? पाणीच दिसतला.” सुकती म्हणजे ओहोटी.

दुपारी जेवण. बांगडा, तिसऱ्या, भाकरी आणि सोलकढी. यापेक्षा जास्त लिहिलं तर किल्ला राहून जाईल.

चारला परत धक्क्यावर आलो तर सकाळची खाडी जागेवर नव्हती. काठाने चिखल उघडा पडलेला, त्यात बगळे, होड्या कुशीवर कलंडलेल्या. किल्ल्याच्या पश्चिम अंगाला काळे खडक दात काढून वर आलेले. तांडेल आजोबा मात्र होडी घेऊन नेमक्या अरुंद पट्ट्यातून निघाले आणि बोटाने दाखवत गेले, इथे खोल, इथे कातळ, इथे गाळ. त्या अर्ध्या-पाऊण तासात मला विजयदुर्गाचा अठराव्या शतकातला इतिहास जितका कळला, तितका पुस्तकं वाचून कळला नव्हता.

मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांची गुराबं, म्हणजे मोठी लढाऊ जहाजं, रुंद आणि उथळ बुडाची, गलबतं त्याहून हलकी आणि वल्ह्यांवर चालणारी. वारा पडला की इंग्रजांचं मोठं जहाज जागच्या जागी खोळंबे आणि गलबतं वल्हवत येऊन त्याच्या पिछाडीवर तोफा डागत. पाठलाग झालाच तर अशा खाडीत शिरायचं. मागून येणाऱ्याला पाण्याखालचं काही ठाऊक नाही आणि वर किल्ल्याच्या तोफा. १७१७ मध्ये इंग्रज आले आणि हात हलवत गेले. १७२० मध्ये ‘फ्राम’ नावाचा तरंगता तोफखाना खास बांधून आणला, त्याचाही उपयोग झाला नाही. १७२४ मध्ये डच येऊन गेले, तीच गत. इंग्रजांच्या कागदांत हा किल्ला ‘घेरिया’ आहे आणि आंग्रे ‘चाचे’ आहेत. मराठ्यांच्या समुद्रात फिरायचं तर मराठ्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, घ्या, एवढंच चाच्यांचं म्हणणं होतं. तोच नियम इंग्रज स्वतः लावत, तेव्हा त्याला व्यापार म्हणत.

पाण्याखालच्या भिंतीबद्दलही इथे सांगायला हवं, कारण प्रत्येक गाईड तिच्यावरच येतो. किल्ल्यासमोर समुद्रात बुडालेली जांभ्याची भिंत आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिची पाहणी केली, लांबी १२२ मीटर, रुंदी ७ आणि उंची ३ मीटर अशी मापं दिली जातात. तिच्यावर आपटून शत्रूची जहाजं फुटायची, असं सांगतात. ती ओहोटीलाही दिसत नाही, तेव्हा होडीवाल्याला ‘भिंत दाखव’ म्हणून वेठीला धरू नका. आणि भिंत कितीही भक्कम असली तरी १७५६ मध्ये शत्रू तिच्यावरून आलाच नाही. तो खाडीच्या तोंडातून आला.

कान्होजी १७२९ मध्ये गेले आणि मुलांमध्ये फूट पडली. एक घर अलिबागच्या कुलाब्याला, दुसरं विजयदुर्गला. पुढे विजयदुर्गच्या गादीवर आलेल्या तुळाजी आंग्र्यांचं आणि नानासाहेब पेशव्यांचं अजिबात पटेना. तुळाजी कुणाला जुमानणारा नव्हता, त्याने कोकणात आपल्याच लोकांना त्रास दिल्याच्या तक्रारी होत्या, हे मान्य करूनही पेशव्यांनी त्याच्यावर इंग्रजांचं आरमार बोलावलं, हे मला पटत नाही. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. वर्षअखेरीस तोच जेम्स विजयदुर्गासमोर आला, अंधारात होड्या आत सोडल्या आणि पाण्याची खोली मोजून घेतली. मुंबईत जाऊन त्याने सांगितलं, मोठी जहाजं आत जाऊ शकतात. माझ्या मते किल्ला पडला तो तेव्हाच. तांडेल आजोबांना जे तोंडपाठ होतं, ते शत्रूच्या कागदावर उतरलं.

१२ फेब्रुवारी १७५६ला दुपारी ॲडमिरल वॉटसनचं आरमार दोन रांगांत किल्ल्याला वळसा घालून खाडीत शिरलं. आंग्र्यांची जहाजं एकमेकांना बांधून उभी होती. चारच्या सुमारास एक गोळा ‘रिस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर पडला. ते मूळचं ईस्ट इंडिया कंपनीचंच, आंग्र्यांनी पकडून आणलेलं. ते पेटलं आणि त्याच्यामागे सगळं आरमार पेटलं. संध्याकाळ होता होता किल्ल्याच्या तोफा थंडावल्या आणि दुसऱ्या दिवशी किल्ला गेला. जमिनीवरची इंग्रजी फौज क्लाइव्हकडे होती. हाच तो प्लासीवाला, त्याच्या आदल्या वर्षीचा. जमिनीकडून पेशव्यांचे रामाजी महादेव फौज घेऊन उभे होते आणि तुळाजी बोलणी करायला त्यांच्याकडे आला होता. क्लाइव्हने रातोरात माणसं उतरवून किल्ला आणि पेशव्यांची फौज यांच्यामध्ये ठाण मांडलं, मित्रांना आत येऊ द्यायचं नाही म्हणून. दहा लाखांच्या आसपास लूट मिळाली. तिची वाटणी कशी करायची हे इंग्रजांनी मुंबईहून निघण्याआधीच बसून ठरवलं होतं, त्यात मराठ्यांचं नाव नव्हतं. किल्ला पेशव्यांना मिळायला ऑक्टोबर उजाडला आणि त्या बदल्यात बाणकोट सोडावा लागला. तुळाजी उरलेलं आयुष्य कैदेत राहिला.

होडी वळली तेव्हा खाडीकडच्या तटावर गोळ्यांनी पडलेले खळगे समोर होते. दगड जागेवर, पण चेहऱ्यावर देवीचे व्रण असावेत तसे. संध्याकाळचं तिरपं ऊन असेल तरच ते उठून दिसतात, दुपारी बाराला शोधून सापडत नाहीत. साडेचारच्या ओहोटीचा हा आणखी एक फायदा.

होडीवाल्याशी पैसे आधी ठरवा, पोहता येणाऱ्यानेही लाइफ जॅकेट मागा आणि समुद्राच्या अंगाला जायचा हट्ट धरू नका. तो नाही म्हणाला म्हणजे नाही. तटाबाहेरच्या खडकांवर चालत जायचं असेल तर ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी उतरा आणि पाणी फिरलं की लगेच वर या. उधाणाचं पाणी चढायला लागलं की खडकांमधल्या घळी आधी भरतात आणि मागचा रस्ता आपल्या नकळत तुटतो. शेवाळ निसरडं, कालवं धारदार. चपलांचं काम नाही. जून ते सप्टेंबर यातलं काहीच करता येत नाही, तेव्हा फक्त आतला हिरवा किल्ला बघायचा. एप्रिल-मेमध्ये देवगडचा हापूस आहे आणि ऊन तितकंच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

दुसऱ्या दिवशीसाठी गिर्ये राखून ठेवा. ते वाटेतच आहे, आणि तिथली गोदी न बघता जाणाऱ्यांची संख्या फार आहे. खाडीच्या काठी कातळ कोरून आणि बांध घालून केलेलं हे आवार साधारण १०९ मीटर लांब आणि ७० मीटर रुंद आहे. भरतीला जहाज आत घ्यायचं आणि तोंड बंद करून पाणी उतरलं की कोरड्यात दुरुस्ती करायची. पंप नाही, यंत्र नाही, सगळं काम चंद्रावर सोपवलेलं. १७५६च्या राखेतून मराठ्यांचं आरमार पुन्हा उभं राहिलं ते विजयदुर्गच्याच सुभ्यात, आनंदराव धुळपांच्या हाताखाली. एप्रिल १७८३ मध्ये त्यांनी इंग्रजांचं ‘रेंजर’ जहाज लढून पकडलं आणि विजयदुर्गला आणलं. शाळेच्या पुस्तकात १७५६ असतं, १७८३ नसतं. गावात धुळपांचा वाडा आहे, आतल्या भिंतींवर जुनी चित्रं आहेत, पण ते राहतं घर आहे. आधी विचारा, चालणार नसेल तर बाहेरूनच नमस्कार करून निघा.

गोदीकडे जाणारी वाट गिर्येत कुणालाही विचारा, पाटी शोधत बसू नका. आम्ही पौर्णिमेला सकाळी गेलो, तेव्हा आवारात पाणी हळूहळू भरत होतं. भाची काठाने चालत किती गुराबं मावतील याचा हिशेब करत राहिली. शेवटचा भाग चिखलाचा आहे. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर त्यांना रामेश्वराच्या देवळात बसवून जावं. देऊळ जांभ्याच्या कातळात खाली उतरून बांधलेलं आहे आणि तिथे जायला कातळातूनच मार्ग खोदलाय, त्यामुळे भर दुपारीही गारवा असतो. पोर्तुगीज जहाजावरची घंटा तिथे टांगलेली आहे आणि बाहेर संभाजी आंग्र्यांची समाधी. तुळाजीचा हा थोरला भाऊ. समाधीपाशी थांबणारं आमच्याशिवाय कुणी नव्हतं. देवळात मात्र दर्शनाची रांग होती.

गिर्येहून देवगड तीसएक किलोमीटर. वाटेत पवनचक्क्या आणि आमराया. दुपारच्या जेवणाला देवगड गाठायचं असेल तर गोदीवरून साडेअकराला निघा. पुढे कुणकेश्वर करणाऱ्यांनी तिथल्या किनाऱ्यावरची शिवलिंगं बघायलाही ओहोटीचीच वेळ साधावी. पौर्णिमेला ती साडेपाचच्या आसपास येते, म्हणजे देवगडला वामकुक्षी घ्यायलाही वेळ उरतो.